काळ्या जमिनीत घराचा पाया: मुरूम साडेनऊ फुटांवर, ठेकेदार म्हणतो पाच फूट पुरे

परभणीकर_३०बाय४०

नमस्कार मंडळी,

परभणी शहराबाहेर ३० बाय ४० चा प्लॉट आहे. घर बाहेरून बाहेर २४ बाय ३२ फूट. आत्ता फक्त तळमजला, चार-पाच वर्षांनी वर एक मजला. जेसीबी लावून दोन ट्रायल खड्डे घेतले. वरून सात फूट काळी, मग अडीच फूट पिवळट, चुनखडीचे खडे असलेली माती, आणि साडेनऊ फुटांवर मुरूम. दुसऱ्या कोपऱ्यात मुरूम दहा फुटांवर लागला. पाणी कुठेच नाही.

आता तीन माणसं, तीन मतं. ठेकेदार म्हणतो पाच फूट खोदू, तळाशी दोन फूट वाळू भरू आणि वर ४ बाय ४ चं फुटिंग (कॉलमखालची रुंद काँक्रीट बैठक), इथं सगळे असंच बांधतात. गवंडी म्हणतो कॉलम नकोच, तीन फूट रुंद दगडी पाया सलग घ्या. ड्रॉइंग काढणारे इंजिनिअर म्हणतात १२ कॉलम आणि सगळे मुरमावर.

शेजारचं घर आठ वर्षांचं, फुटिंग पाच फुटांवरच. त्याच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे गेलेत, वरच्या टोकाला जास्त रुंद. एप्रिलमध्ये करंगळी जाते, भादव्यात जवळजवळ मिटतात. मागचं दार पावसाळ्यात अडकतं.

तर किती खोल जाऊ? खोदाईतून निघालेली माती जोत्यात भरली तर चालेल का? साहित्य साधारण किती लागेल? आणि मृग निघायच्या आत जोतं होईल का?

---

ओळंबा

इंजिनिअरांचं ऐका. कारण सांगतो, म्हणजे ठेकेदाराशी बोलता येईल.

काळी माती घराच्या वजनाने खचते असा समज आहे. एका-दोन मजल्यांचं घर तिला फार जड नाही. ती हलते पाण्यामुळे. तिच्यातला चिकण खनिज मॉन्टमोरिलोनाइट, त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघालं की आकसते. पाऊस-ऊन यांचा हा खेळ खोल काळ्या जमिनीत साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालतो. म्हणूनच आयएस २९११ (आयएस म्हणजे भारतीय मानक) च्या तिसऱ्या भागात अशा जमिनीतल्या अंडर-रीम्ड पाइलची, म्हणजे तळाशी फुगवटा असलेल्या भोकात ओतलेल्या काँक्रीट खांबाची, किमान लांबी ३.५ मीटर धरलेली आहे. तुमचा ठेकेदार दीड मीटरवर थांबायला सांगतोय, म्हणजे हलणाऱ्या थराच्या बरोबर मध्यात.

शेजारच्या तड्यांचं गणितही हेच. फरशीखालची माती वर्षभर ओलसर राहते, बाहेरच्या कडांची उन्हाळ्यात वाळून आकसते. कोपरे खाली जातात, मधला भाग जागेवर. भिंत पाठ वाकवल्यासारखी होते आणि तडा वरून उघडतो. पावसाळ्यात कडा फुगून परत वर येतात, तडा मिटतो, दार चौकटीत आवळतं. तडा ऋतूप्रमाणे उघडझाप करत असेल तर सिमेंट भरून काही उपयोग नाही, पुढच्या चैत्रात शेजारी नवा तडा येतो.

पिवळट थरावरही थांबू नका. चुनखडीचे खडे दिसले तरी मधली माती चिकणच असते. खात्री करायची तर सोपी चाचणी आहे, फ्री स्वेल, आयएस २७२० भाग ४०. वाळवून कुटलेली माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची, १०-१० ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी आणि एकात रॉकेल, दोन्ही १०० मिलीपर्यंत. २४ तासांनी दोन्हींतल्या मातीचं आकारमान वाचायचं. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली १८ आणि रॉकेलातली १० भरली तर फुगणं ८० टक्के. ५० च्या वर गेलं की ती माती पायाखाली नको. हे माझ्या सांगण्यावर करू नका, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन्ही थरांचे नमुने द्या आणि मुरमाची वहनक्षमताही लेखी घ्या.

वाळूचा थर. पाच फुटांवर दोन फूट वाळू भरणं म्हणजे न गळणाऱ्या काळ्या मातीत हौद बांधून त्यात वाळू टाकणं. पहिल्या दोन मोठ्या पावसांत तो भरतो आणि फुटिंगच्या तळाची माती डिसेंबरपर्यंत भिजत राहते. फुगणाऱ्या मातीवर वाळूपेक्षा न फुगणारी पण थोडी चिकट माती जास्त काम करते, हे आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलं. सीएनएस थर म्हणतात तो हाच, आणि आपल्याकडचा बारीक मातीचा अंश असलेला मुरूम त्यात बसतो. तो फरशीखाली वापरायचा. फुटिंगखाली सरळ मूळचा मुरूम.

आता भार बघू. बाहेरची कॉलमं मध्य ते मध्य २३ बाय ३१ धरली तर गाळे ११ फूट ६ इंच आणि १० फूट ४ इंच. मधल्या कॉलमच्या वाट्याला साधारण ११ चौरस मीटर येतात. दोन स्लॅब, भिंती, बीम धरून ३६ टनांच्या आसपास. फुटिंगच्या वजनासाठी १० टक्के वाढवा, ४० टन. पक्क्या मुरमाला २० टन प्रति चौ.मी. अहवालात आले तर २ चौ.मी., म्हणजे ५ बाय ५ फूट. हे फक्त दोन मधल्या कॉलमना. कडेची सहा आणि कोपऱ्याची चार ४ बाय ४ मध्ये बसतात. वरचा मजला आत्ताच धरा, फुटिंग नंतर मोठं करता येत नाही.

एक गोष्ट ड्रॉइंगमध्ये तपासा, कॉलमची जाडी. नऊ इंची भिंतीत लपतो म्हणून नऊ इंची कॉलम मागायची सगळ्यांना सवय आहे. साडेदहा फुटांवर फुटिंग आणि पहिला बीम थेट जोत्याच्या उंचीवर असेल तर मधे सव्वादहा फूट, म्हणजे ३.१ मीटर कॉलम मोकळा राहतो. ३.१ भागिले ०.२३ म्हणजे साडेतेरा. आयएस ४५६ प्रमाणे १२ पासून पुढे कॉलम सडपातळ धरतात आणि त्याला जादा वाकवण्याचा हिशोब लागतो. १२ बाय १२ इंची घेतला तर तोच आकडा १०. शिवाय जमिनीच्या पातळीला एक बीम घाला, मोकळी लांबी साडेआठ फुटांवर येते. लातूर जिल्हा तुम्हाला लागूनच आहे, तेव्हा ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप डोक्यात ठेवूनच रिंगांचे हुक १३५ अंशांत आत वळवायला सांगा. ९० चे हुक भूकंपात उघडतात.

गवंडीबुवांच्या दगडी पायाला नाव ठेवत नाही, पण तोही मुरमापर्यंतच न्यावा लागेल. फक्त बाहेरच्या भिंतींची लांबी ११२ फूट, ३ फूट रुंद, १० फूट खोल. ३३ ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वर नुसता डबर. आतल्या भिंती वेगळ्या.

---

घमेलं

वरच्या साहेबांनी हिशोब दिला, मी साइटवर काय बिघडतं ते लिहितो.

लाइन आउट. तुमचं माप नशिबाने २४-३२ आहे, त्याचा कर्ण बरोबर ४० फूट येतो. ३-४-५ चाच आठपट. कॉलमच्या मध्यरेषा २३ बाय ३१, कर्ण ३८ फूट सव्वासात इंच. दोन्ही कर्ण टेपने मोजा, पाव इंचाच्या वर फरक आला तर दोरी हलवा. गुण्या लावून भागत नाही, दोन फुटांच्या गुण्यावर दोन मिलिमीटरची चूक ३२ फुटांवर दोन बोटं होते. आणि खुंट्या खड्ड्याच्या कडेला ठोकू नका. जेसीबीचं बकेट पहिली खुंटीच नेतं. चार फूट मागे पक्के बुरुज बांधा, वर खिळा ठोका, दोरी पाहिजे तेव्हा ताणा. बेंचमार्क शेजाऱ्याच्या पक्क्या ओट्यावर रंगाने करा, पाण्याच्या नळीने लेव्हल तिथून.

खोदाई. फुटिंगच्या चारी बाजूंना एक फूट जागा सोडा, म्हणजे तळाला ४ च्या फुटिंगला ६ बाय ६. त्याहून कमी केलं तर फिटर जाळी बांधायला उतरतच नाही, वरून टाकतो. मार्च-एप्रिलमध्ये काळीला हातभर भेगा असतात आणि माती त्या भेगेवरूनच सुटते, ढेपच्या ढेप. साडेदहा फूट खड्ड्यात सरळ कड ठेवून माणूस उतरवू नका. वरचे पाच फूट ढाळ द्या. जिथं ढाळ द्यायला जागा नाही तिथं फळ्या आणि आडवे टेकू. निघालेली माती काठापासून कमीत कमी पाच फूट लांब. शिडी प्रत्येक खड्ड्यात.

मुरूम लागला की लगेच थांबू नका. वरचा थर कच्चा असतो, बोटाने चुरतो. फूटभर आत जा. पहार जोरात मारून बघा, कच्च्यात ती वीतभर शिरते, पक्क्यात टणकन वाजून दोन बोटं. मुरमाचा मुठीएवढा ढेकूळ रात्रभर बादलीत ठेवा. सकाळी चिखल झाला तर अजून खाली, तसाच राहिला तर बरोबर. शेवटचे सहा इंच जेसीबीने काढू नका, दातांनी तळ सैल होतो. टिकावाने काढा, आणि पीसीसी (तळाचा बिनलोखंडी काँक्रीटचा थर) त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. मधे पाऊस पडला तर भिजलेला दोन-तीन इंचांचा थर खरवडून काढल्याशिवाय पीसीसी नाही.

चुकून एखादा खड्डा जास्त खोल गेला तर खाली मुरूम भरून लेव्हल करू नका. जादा खोली पीसीसीने भरा. सगळी फुटिंग एकाच थरावर पाहिजेत, एकाच खोलीवर असलीच पाहिजेत असं नाही. एका कोपऱ्यात ११ फूट लागलं तर ११. अकरा मुरमावर आणि एक पिवळ्या मातीवर, हे मात्र नको.

---

काळीभोर

मुरमापर्यंत जायचं हे मान्य, पण उघडे खड्डेच कशाला? १२ खड्डे म्हणजे जवळपास ५० ब्रास माती काढायची आणि परत भरायची. अंडर-रीम्ड पाइल याच जमिनीसाठी रुडकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने बसवल्या. एक फूट व्यासाचं भोक, तळाशी अडीचपट रुंद बल्ब, म्हणजे ३०० च्या पाइलला ७५० मिमी. १२ भोकांतून जेमतेम एक ब्रास माती निघते. ना ढाळ, ना फळ्या, ना भराव. वर ग्रेड बीम, झालं.

---

ओळंबा

@काळीभोर, मुरूम १५-१६ फुटांच्या खाली असता तर मीही तेच लिहिलं असतं. इथे तीन अडचणी आहेत. बल्ब न हलणाऱ्या थरात पाहिजे, आणि तो थर म्हणजे मुरूम. हाताच्या अंडर-रीमरने मुरमात बल्ब कापला जात नाही. पिवळ्या थरातल्या चुनखडीच्या खड्यांवर ऑगर (भोक पाडायचा गिरमिट) अडतो, मग कारागीर आठ फुटांवर थांबून झालं म्हणतो. आणि मधल्या कॉलमच्या ३६ टनांना एक पाइल पुरत नाही, दोन-तीन पाइल आणि वर कॅप लागते. नुसत्या तळमजल्याच्या घराला, खोल काळ्या जमिनीत, पाइल स्वस्त आणि चांगली. पण बल्ब खरंच झाला का हे रीमरच्या खुणेवरून तपासणारा माणूस साइटवर पाहिजे. तो नसेल तर उघड्या खड्ड्यात निदान मालकाला मुरूम डोळ्यांनी दिसतो.

---

परभणीकर_३०बाय४०

सगळ्यांचे आभार. खड्डेच करतो.

दोन शंका. घराच्या एका बाजूला प्लॉटची हद्द कडेच्या भिंतीपासून तीनच फूट आहे आणि हद्दीवर शेजाऱ्याची विटांची कंपाउंड भिंत. तिचा पाया दोन-अडीच फूटच असेल. ती पडणार नाही ना? आणि साहित्याचा अंदाज मिळाला तर बरं, ठेकेदार "बघू, लागेल तसं" म्हणतोय.

---

घमेलं

कंपाउंडच्या बाजूचे चार खड्डे एकदम उघडू नका. एक आणि तीन आधी. त्यांचं फुटिंग, कॉलम जमिनीपर्यंत आणि भराव झाला की मग दोन आणि चार. त्या बाजूला ढाळाला जागा नाही, त्यामुळे फळ्या-टेकू तिथं सक्तीचे. शेजाऱ्याला आधी सांगा आणि भिंतीचे फोटो तारखेसह काढून ठेवा, जुने तडे असतील ते नंतर तुमच्या नावावर लागतात.

खड्डा उघडा ठेवून गावी जाऊ नका. खोदलं की आठवड्यात भरलं पाहिजे. काळी उघडी राहिली की रोज थोडी थोडी सुटते.

---

ब्रासवाला

"लागेल तसं" वर काम देऊ नका. अंदाज मांडतो. ड्रॉइंगप्रमाणे थोडं हलेल, पण कोणी दुप्पट मागितलं तर कळेल.

खोदाई: ६ बाय ६ बाय साडेदहाचे १० खड्डे आणि ७ बाय ७ चे २. एकूण ४,८०० घनफूट, ४८ ब्रास. ढाळाची जादा वेगळी धरा, ६० च्या पुढे जाईल. बिल जागेवरच्या मापाने ठरवा, ट्रॉलीच्या फेऱ्यांवर नको. निघालेली माती फुगते, फेऱ्या वाढतात.

पीसीसी चार इंच, फुटिंगच्या बाहेर सहा इंच: १०७ घनफूट. १:३:६ ला १३-१४ गोण्या सिमेंट.

फुटिंग १० नग ४ बाय ४ बाय सव्वा फूट आणि २ नग ५ बाय ५ बाय दीड फूट: २७५ घनफूट. जमिनीखालचे कॉलम १०० घनफूट. जमिनीलगतचा बीम ९ बाय १५ इंच, सगळ्या रांगा धरून १६८ फूट मोकळी लांबी: १५७ घनफूट. एकूण ५३० घनफूट, म्हणजे १५ घनमीटर. घनमीटरला ८ गोण्या, १२० गोण्या. पीसीसी आणि नासाडी धरून १४० गोण्या. वाळू किंवा क्रश सँड ३ ब्रास, खडी ६ ब्रास, त्यातली एक ब्रास ४० मिमी पीसीसीला, बाकी २० मिमी.

लोखंड: फुटिंगच्या जाळ्या २०० किलो, लहानांना १० मिमी सहा इंचांवर आणि मोठ्या दोनना १२ मिमी सहा इंचांवर. कॉलम १२ बाय १२ मध्ये १२ मिमीच्या ८ सळया, ८ मिमीच्या रिंगा, जोत्यावर लॅपपुरतं सोडून ५४० किलो. बीमला ४ सळया १२ च्या आणि रिंगा, ४१० किलो. सव्वा टनाच्या आत बसावं. वजनकाट्याची चिठ्ठी घ्या आणि मीटरला वजन तपासा: ८ मिमी ०.३९५, १० मिमी ०.६१७, १२ मिमी ०.८८९ किलो.

आता जो आकडा कोणी विचारत नाही तो: मुरूम. काँक्रीट वजा जाता खड्ड्यांत ४३ ब्रास भराव लागतो. खोदताना पिवळी चुनखडीची माती काळीपासून वेगळी ढीग लावून ठेवा, ती ११ ब्रासच्या आसपास निघेल आणि खालच्या थरांना वापरता येईल. उरलेले ३२ ब्रास दाबून, म्हणजे ट्रॉलीतले ४० च्या वर. जोत्यातला वेगळा. वरची दीड फूट काळी घराच्या पूर्ण आकारात खरवडून काढायची, जोतं जमिनीपासून दोन फूट, त्यातून सोलिंग (फरशीखालचा दगडांचा थर), काँक्रीट, फरशी वजा करून सव्वादोन फूट भराव. १६ ब्रास दाबून, २० ब्रास सैल. एकूण ६० ब्रास मुरूम. बजेट इथं फाटतं, सिमेंटमध्ये नाही. खाण जवळची कोणती, ते खोदाईच्या आधी विचारा.

काढलेली काळी माती शेतकरी आनंदाने नेतात, बांधाला आणि हलक्या रानाला. तुमच्या जोत्यात मात्र एक घमेलंही नको. फरशीखाली ती फुगली की टाइल मधून वर येते आणि आतल्या विटांच्या भिंती उचलते. कॉलम मुरमावर असून तडे जाणारी घरं बरीचशी यामुळेच.

---

ओळंबा

ब्रासवाल्यांचे आकडे जुळतात. काँक्रीटबद्दल भर: मातीत गाडलेलं लोखंडी काँक्रीट आयएस ४५६ मध्ये 'मध्यम' परिस्थितीत येतं, त्याला किमान एम२५ (काँक्रीटच्या ताकदीची प्रत). आणि १:१.५:३ सारखं ठोकळ मिश्रण त्याच कोडप्रमाणे फक्त एम२० पर्यंत चालतं. त्यामुळे एम२५ चं मिक्स डिझाइन प्रयोगशाळेतून करून घ्या, तुमच्याच वाळू-खडीचं. जागेवर मोजायला फर्मा वापरा: १२ बाय १२ बाय १५ इंच म्हणजे सव्वा घनफूट, एका गोणीइतका. घमेल्यांची मोजणी दुपारी जेवणानंतर बदलते.

पाणी गोणीमागे २५ लिटर ही वरची मर्यादा, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी त्यातून वजा. कामगार पाइप धरून "जरा पातळ करू, पटकन बसतं" म्हणतात, तिथं उभं राहा. फुटिंगला व्हायब्रेटर लागतोच, सळईने टोचून भागत नाही.

कव्हर फुटिंगला तळाशी ५० मिमी, कॉलमला ४०. सिमेंटचे कव्हर ब्लॉक आदल्या आठवड्यात पाडून पाण्यात ठेवा. फरशीचे तुकडे आणि खडी नको, जाळी घसरते. कॉलमच्या सळयांचे पाय जाळीवर एल आकारात टेकवा, आणि फुटिंगच्या आतही दोन-तीन रिंगा पाहिजेत, नाहीतर काँक्रीट ओतताना कॉलम फिरतो आणि मध्यरेषा दोन इंच सरकते. ती चूक मग वर सळया वाकवून 'दुरुस्त' करतात. तसं करू देऊ नका. ओतायच्या आधी चारी दोऱ्या परत ताणून ओळंबा सोडा.

ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब घ्या. काँक्रीट ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ ला दोन, प्रत्येकी तीन क्यूब २८ दिवसांसाठी. क्युरिंग ओपीसीला (साधं सिमेंट) सात दिवस, पीपीसीला (राख मिसळलेलं) किमान दहा. फुटिंगवर पाणी साठवू शकता, पण खड्ड्यात तळं करू नका, शेजारच्या कडा भिजून सुटतील. गोणपाट ओलं ठेवणं बरं.

जमिनीलगतचा बीम मातीवर टेकवायचा नाही, इथंच बहुतेक साइट चुकतात. काळी फुगली की तो खालून उचलते आणि कॉलमच्या जोडात तडा जातो. बीमच्या तळाखाली तीन-चार इंच पोकळी पाहिजे. सेंटरिंगऐवजी तेवढ्या जाडीचा थर्मोकोल टाकून वर ओतला तरी चालतं, माती फुगली की तो दबतो. पीसीसी पट्टी टाकून तिच्यावर बीम ओतला तर सगळा खटाटोप वाया. बाहेरच्या अंगाने पोकळीत भराव घुसू नये म्हणून पातळ शहाबादी तुकडे उभे लावा.

---

घमेलं

भराव सहा इंचांच्या थरात. सैल टाकताना आठ-नऊ इंच, पाणी शिंपडून धुम्मस, खड्ड्यात हातधुम्मस आणि जोत्यात मशीन. पाणी सोडून "बसेल आपोआप" असं म्हणून रात्रभर हौद भरतात, ते नको. मुरूम वरून बसलेला दिसतो, आत पोकळ राहतो आणि खालची काळी पोटभर पाणी पिते.

वाळवीचं औषध भराव झाल्यावर, सोलिंगच्या आधी. क्लोरपायरीफॉस २० ईसी, एकाला १९ पाणी, चौरस मीटरला ५ लिटर. तुमच्या ७१ चौ.मी.ला साडेतीनशे लिटर द्रावण, म्हणजे १८ लिटर औषध. दोन लिटर बादलीत टाकून झारीने शिंपडणारे भेटतात, डबे मोजा. हातमोजे आणि तोंडाला फडकं, पोरंटोरं लांब.

---

परभणीकर_३०बाय४०

थर्मोकोलचं ठेकेदाराला सांगितलं तर हसला, म्हणे बीमखाली पोकळी ठेवतात का कुठं. ड्रॉइंगवर लिहून घेतो. जोतं झाल्यावर बाहेरच्या बाजूने काही करायचं राहतं का? आणि वेळेचं?

---

काळीभोर

पाइलचा हट्ट सोडला, पण बाहेरच्या बाजूचं मी सांगतो. घराभोवती चार-पाच फूट रुंद पक्कं ऍप्रन, जिथं तीनच फूट आहे तिथं हद्दीपर्यंत. ढाळ बाहेरच्या बाजूला, तीन फुटांत एक-सव्वा इंच. भिंत आणि ऍप्रन यांच्या सांध्यात डांबर, कारण पाणी तिथूनच आत जातं. खाली सहा इंच मुरूम, त्याखाली काळीच राहिली तरी चालेल, ऍप्रन तुटलं तर नवं घालता येतं.

गच्चीचे पाइप ऍप्रनवर मोकळे सोडू नका, गटारापर्यंत न्या. शोषखड्डा काळ्यात शोषत नाही, नुसता भरतो. तो घरापासून प्लॉटच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि खोली मुरमापर्यंत. बाथरूमचे ड्रेन पाइप जोत्यातून बाहेर पडतात तिथे भिंतीत गच्च चिणू नका, भोवती इंचभर मोकळं ठेवून वर लवचिक सांधा द्या. गळका पाइप वर्षभर एकाच कोपऱ्याला पाणी पाजतो.

झाडाचं: कडुलिंब, निलगिरी, गुलमोहर जेवढे उंच होतील तेवढे लांब. ३० बाय ४० च्या प्लॉटमध्ये याचा अर्थ लावूच नका. तुळस, जास्वंद, कढीपत्ता इथपर्यंत ठीक.

---

घमेलं

वेळ: फेब्रुवारी संपता संपता खोदायला घेतलं तर पहिले आठ खड्डे आणि त्यांची फुटिंग दोन आठवडे. कंपाउंडच्या बाजूचे दोन-दोन खड्डे खोदून, ओतून, भरून व्हायला अजून तीन आठवडे. बीम आणि क्युरिंग तीन. जोत्याचं बांधकाम, भराव, औषध, सोलिंग तीन. म्हणजे मेच्या मध्याला जोतं तयार, मृगाला तीन आठवडे हाताशी. मार्चअखेर ओलांडून सुरू केलंत तर मात्र पुढच्या दिवाळीनंतर करा. अर्धे खड्डे उघडे असताना वळवाचा एक पाऊस आला की आठ दिवसांचं काम चिखलात जातं.

आणि त्या ठेकेदाराला हसू द्या. पीसीसीच्या दिवशी प्रत्येक खड्ड्यात टेप उभा धरून फोटो काढा, तळाचा मुरूम दिसेल असा, खड्ड्याचा नंबर पाटीवर लिहून. पहिला हप्ता त्या बारा फोटोंनंतर.